बैल कुठे बांधायचे?

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जागतिक बँकेचं कर्ज आलं, देशी-परदेशी संस्था आल्या. पडलेली गावं नव्यानं बांधायला त्यांनी वाटून घेतली. आराखडा मात्र ज्याचा त्याचा. शहरातल्या कॉलनीसारख्या सरळ रांगा, ऐसपैस रस्ते. बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, हे फारसं कुणी विचारलं नाही. आमच्या मामांनी मिळालेल्या घराला लागून पत्र्याची शेड मारली. तिथे म्हशी, आणि उन्हाळा-पावसाळा मामांची बाजही तिथेच. स्लॅबखाली त्यांना झोप लागत नाही! घरं मजबूत आहेत, हे मान्य. पण पुढे कुठे अशी आपत्ती आली, तर मदतीला येणाऱ्या संस्थांच्या समन्वयाच्या बैठकीत गावातली एखादी बाई बसवा की. चूल कुठे मांडायची, ते ती सांगेल.

– एक वाचक, उमरगा