आई-बाबा, लंडनला निघण्याआधी मला हवी असलेली मापे

कोथरूड, पुणे

तीर्थरूप आई आणि तीर्थरूप बाबा यांना साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

फोनवर लंडनचा विषय काढला की बाबा, तुम्ही "पुढचे पुढे बघू" म्हणता आणि आई, तू फोन ठेवायच्या घाईला येतेस. वाईला आल्यावर बोलावे, तर घर माणसांनी भरलेले असते आणि जे बोलायचे आहे ते चारचौघांत बोलण्यासारखे नाही. म्हणून सवडीने हे पत्र लिहिते आहे. दोघांनी मिळून वाचावे, आणि बाबांनी वाचून होताच नकार कळवू नये, एवढीच सुरुवातीला विनंती.

बाबा, तुम्हाला प्रवासाची भीती नाही हे मला ठाऊक आहे. पक्षाघातानंतर तुम्हाला खरी काळजी वाटते ती परक्या ठिकाणच्या न्हाणीघराची. घरी कमोडशेजारी प्लंबरने बसवून दिलेला दांडा कुठे आहे, हे तुमच्या डाव्या हाताला न बघता कळते. परक्या खोलीत तो नसेल, तर तिथे जाऊन बायको-मुलीवर भार कशाला टाकायचा, असे तुमच्या मनात येत असणार. ही काळजी रास्त आहे, आणि म्हणूनच मी या प्रवासाची आखणी प्रेक्षणीय स्थळांपासून न करता न्हाणीघरापासून सुरू केली आहे.

इथल्या एका सहल कंपनीत मी आधी चौकशी केली होती. व्हीलचेअर म्हटल्यावर तिथल्या बाईंनी "ग्रुपला उशीर होतो, काकांना घरीच ठेवलेले बरे" असे सांगून विषय संपवला. मला त्याचा फार राग आला. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा पटले की सकाळ-संध्याकाळ बसमधून उतरवणारी आणि चढवणारी सहल आपल्या उपयोगाची नव्हतीच. आपण तिघांनीच जायचे, मुक्काम एकाच हॉटेलात ठेवायचा, आणि एका दिवशी एकच ठिकाण पाहायचे, असे मी ठरवले आहे.

हॉटेलांविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण सगळे त्यावरच अवलंबून आहे. खोलीच्या माहितीत व्हीलचेअरचे चित्र असले म्हणजे ती खोली आपल्याला चालेल असे नाही. दार रुंद असते, पण आत न्हाणीघरात टब असतो आणि शॉवर त्या टबाच्या वर असतो. टबाच्या काठावरून पाय पलीकडे टाकणे तुम्हाला शक्य नाही, आणि मी ते तुम्हाला करूही देणार नाही. आपल्याला हवे ते टब नसलेले, सपाट जमिनीचे, भिंतीला घडीचे आसन बसवलेले न्हाणीघर. इंग्लंडमध्ये त्याला वेट रूम म्हणतात. दार उघडल्यावर मोकळी जागा किमान ८० सेंटिमीटर हवी आणि खुर्ची वळवायला आत सुमारे दीड मीटर मोकळी जमीन हवी. कमोडवर बसल्यावर भिंत आणि आधाराचा दांडा तुमच्या डाव्या बाजूला असला पाहिजे, कारण जोर त्याच हातात आहे. एकाच हॉटेलात काही खोल्यांत दांडा डावीकडे आणि काहींत उजवीकडे असू शकतो, आणि आपण विचारल्याशिवाय हे कोणी आपणहून सांगत नाही. पलंगाखाली पोकळी आहे की खालून बंद पेटी आहे, गादीचा वरचा पृष्ठभाग जमिनीपासून किती उंच आहे, पलंगाच्या कोणत्या बाजूला खुर्ची लावता येईल इतकी जागा आहे, हेही मी विचारते आहे. न्हाणीघरात मदतीसाठी ओढायची लाल दोरी असते. ती जमिनीपर्यंत लोंबती असायला हवी, कारण पडलेल्या माणसाचा हात तिथपर्यंतच पोहोचतो. साफसफाई करताना पुष्कळदा ती वर गुंडाळून ठेवलेली असते. खोलीत पाऊल टाकल्यावर मी पहिले काम ती दोरी सोडण्याचे करणार आहे.

हे सगळे मी हॉटेलला थेट ईमेलने विचारते आणि न्हाणीघराचा फोटो मागवते. आरक्षणाच्या संकेतस्थळांवरून खोली घेतली, तर अनेकदा अशी खोली ही नुसती विनंती म्हणून नोंदवली जाते आणि ऐन वेळी दुसरीच खोली हातात पडते. म्हणून ठरलेल्या प्रकारचीच खोली मिळेल असे हॉटेलकडून लेखी घ्यायचे. अशा खोलीत बहुधा एकच मोठा पलंग असतो, तेव्हा मला शेजारची, आतून दाराने जोडलेली खोली लागेल, म्हणजे रात्री तुम्ही हाक मारली तरी मी येऊ शकेन. खोली शक्यतो खालच्या मजल्यावर मागते आहे. आग लागली तर लिफ्ट वापरता येत नाही. अशा वेळी तुम्हाला खाली कसे आणणार, हा प्रश्नही मी त्यांना घातला आहे. ज्या हॉटेलाला त्याचे नीट उत्तर देता आले नाही, ते मी यादीतून काढले.

लंडनच का, असे आईने विचारले होते. त्याचे एक कारण तिथले रस्ते आणि वाहने आहे. तिथली भुयारी रेल्वे १८६३ पासूनची, त्यामुळे तिच्या २७२ स्थानकांपैकी साधारण एक तृतीयांश स्थानकांतच पायऱ्यांशिवाय फलाटापर्यंत जाता येते. पण मे २०२२ मध्ये सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइन या रेल्वेमार्गाच्या सर्व ४१ स्थानकांत रस्त्यापासून फलाटापर्यंत पायरी नाही, आणि हीथ्रो विमानतळाच्या व शहराच्या मध्यभागातल्या स्थानकांत तर फलाट आणि डबा एकाच पातळीवर येतात. म्हणून मी हॉटेल याच मार्गावरच्या पॅडिंग्टन स्थानकाच्या आसपास पाहते आहे. तिथेही जपूनच निवडावे लागते, कारण त्या भागातली पुष्कळशी लहान हॉटेले व्हिक्टोरियाच्या काळातल्या घरांत आहेत. दारातच पायऱ्या, आणि लिफ्ट असली तर एवढीशी. आपण नव्या बांधणीचे मोठे हॉटेल घेऊ, भले ते दिसायला साधे असो.

शहरात फिरायला बस आहेत. मधल्या दाराने उतरण (रॅम्प) यांत्रिकपणे बाहेर येते आणि आत व्हीलचेअरसाठी राखीव जागा असते; व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला लंडनच्या बसमध्ये भाडे पडत नाही. त्या जागेत कोणी बाबागाडी उभी केली, तर चालकाने केवळ एकदा विनंती करून गप्प बसणे पुरेसे नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला, आणि तो एका व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाने लढवलेल्या खटल्यात दिला. बाबा, हक्कासाठी शेवटपर्यंत कागद पाठवत राहण्याची तुमची सवय पाहता हा खटला तुम्हाला आवडेल. लंडनच्या सर्व काळ्या टॅक्सींतही उतरण असते. तुम्ही खुर्चीत बसूनच आत जाल, आणि त्यासाठी जादा पैसे घेण्यास कायद्याने मनाई आहे.

आता विमान. मुंबईहून लंडनचे थेट विमानच घ्यायचे, वाटेत बदलायचे नाही. आखातातून गेलो तर तिकीट स्वस्त पडते खरे, पण तुम्हाला दोनदा उचलून बसवणे आणि खुर्ची दोनदा सामानात जाणे हे मला नको आहे. विमान कंपन्या मदतीचे तीन प्रकार धरतात: ज्यांना पायऱ्या चढता येतात पण लांब चालवत नाही, ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत पण विमानात चार पावले टाकता येतात, आणि ज्यांना आसनापर्यंत नेऊन बसवावे लागते. बाबा, तुम्हाला विचारले तर तुम्ही दुसरा प्रकार सांगाल. घरी वॉकर धरून तुम्ही चार पावले टाकता हे खरे आहे, पण विमानातली मधली वाट अरुंद, वॉकर तिथे चालत नाही आणि उजव्या हाताला आधार धरता येत नाही. मी तिसरा प्रकार नोंदवणार आहे, म्हणजे अरुंद खुर्ची तुमच्या आसनापर्यंत येईल. संकोचामुळे गरज कमी सांगितली, की तेवढीच मदत येते आणि बाकीचे आपल्या अंगावर पडते. इथे कृपा करून संकोच करू नका.

आणि आई, तुझ्या गुडघ्यांसाठीही मी स्वतंत्र खुर्ची नोंदवणार आहे. तू नाही म्हणशील, म्हणून एक गोष्ट सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर न्यूयॉर्कहून आलेल्या एका वृद्ध दांपत्याने दोन खुर्च्या नोंदवल्या होत्या, मिळाली एकच. ती पत्नीला देऊन ८० वर्षांचे ते गृहस्थ पायी निघाले, वाटेत कोसळले आणि गेले. विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या विमान कंपनीला ३० लाख रुपये दंड केला, पण त्याने काय होणार? आपण दोन खुर्च्या ४८ तास आधी नोंदवायच्या, नोंद झाल्याचे लेखी घ्यायचे, आणि दुसरी खुर्ची येईपर्यंत कोणीही जागचे हलायचे नाही. हीथ्रोवर ही मदत विनामूल्य मिळते. युरोपीय संघाचा २००६ सालचा त्याबाबतचा नियम ब्रिटनने संघातून बाहेर पडल्यावरही कायम ठेवला आहे.

आपली घडीची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत आपल्यासोबत येईल आणि तिथून सामानात जाईल. तिची गादी, पाय ठेवायच्या पट्ट्या आणि सुटे होणारे हात काढून मी माझ्याजवळ ठेवणार आहे, आणि देण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढणार आहे. मोडली तर मॉन्ट्रिअल करारानुसार भरपाई मिळते, पण लंडनमध्ये मोडकी खुर्ची हाती येऊन तुम्ही खोलीत अडकून पडणे मला नको आहे. विमानात शौचालयाच्या दारापर्यंत कर्मचारी अरुंद खुर्चीने नेतात, आत मात्र येत नाहीत. आत मी येईन. तुम्हाला हे अवघड वाटेल. पण रुग्णालयातल्या दिवसांत आपण दोघे ते शिकलो आहोत, आणि त्यापायी दहा तास पाणी न पिता बसणे तुमच्या प्रकृतीला परवडणारे नाही.

बाहेर फिरताना स्वच्छतागृहाची चिंता नको. ब्रिटनमध्ये अपंगांसाठीच्या हजारो स्वच्छतागृहांना एकच किल्ली लागते. तिला राडार किल्ली म्हणतात आणि ती थोड्या पैशांत विकत मिळते. तिथे पाण्याचा फवारा मात्र नसतो, तेव्हा आई, एक हलका प्लास्टिकचा मग आणि पाण्याची मऊ, दाबून वापरायची बाटली मी आताच घेऊन ठेवली आहे.

काय पाहायचे ते तुम्ही दोघांनी ठरवावे. माझ्या मनात बाबांसाठी वेस्टमिन्स्टर अॅबी आहे. आयुष्यभर तुम्ही मुलांना न्यूटनचे नियम शिकवलेत. त्याची समाधी तिथे आहे, आणि तिच्या जवळच २०१८ मध्ये स्टीफन हॉकिंग यांच्या अस्थी ठेवल्या गेल्या. आईसाठी क्यू उद्यान. तिथली काचेची उष्णगृहे आणि मैलभर पसरलेले गवत पाहायला एक अख्खा दिवस द्यावा लागेल, आणि तिथे खुर्ची ढकलायला मला काहीच जड जाणार नाही.

निघण्यापूर्वी आठवडाभर तुम्ही माझ्याकडे पुण्यात राहायला यावे. वनाजहून मेट्रोने सिव्हिल कोर्टपर्यंत जाऊन येऊ. वनाजची गाडी तिथे उंचावरच्या फलाटावर थांबते, पण त्याच स्थानकातला दुसऱ्या मार्गाचा फलाट जमिनीखाली ३३ मीटर खोल आहे, आणि लिफ्टने खाली उतरून डब्यात खुर्ची चढवणे, तिला ब्रेक लावणे, गर्दीत वळवणे याचा सराव तिथे होईल. पायावर सूज येते का, किती वेळ बसवते, हेही तेव्हा कळेल. डॉक्टरांचे प्रवासयोग्यतेचे पत्र, औषधांची मूळ नावांसह चिठ्ठी आणि पूर्वीचा पक्षाघात स्पष्ट नोंदवलेला प्रवास विमा ही कामे माझ्याकडे.

तुमच्याकडून मला मापे हवी आहेत, सेंटिमीटरमध्ये. खुर्चीची सर्वांत जास्त रुंदी, चाकांच्या कडा धरून, आणि घडी केल्यावरची रुंदी. खुर्चीचे वजन. घरच्या पलंगाची गादीसकट उंची. कमोडच्या बैठकीची उंची. दांडा जमिनीपासून किती वर आहे आणि भिंतीपासून किती पुढे. पलंगावरून खुर्चीत येताना बाबा, तुम्ही कोणत्या बाजूने येता आणि आई कुठे उभी राहते, हे एकदा सावकाश करून पाहावे आणि जसे घडते तसे लिहावे. उगीच चांगले दिसेल असे लिहू नये. टेपचे एक टोक आईने धरावे, बाबांनी आकडे वाचावेत.

अशा खोल्या प्रत्येक हॉटेलात मोजक्या असतात आणि लवकर भरतात, म्हणून या महिनाअखेरपर्यंत मला आरक्षण करायचे आहे. तेव्हा उत्तर लवकर पाठवावे. फोनवर सांगितले तरी चालेल, पण आकडे कागदावर लिहूनच सांगावेत.

कळावे,

तुमची,
मेधा