नऊ दिवस पावडर नव्हती

ठाणे (प.), १७ मे

प्रिय नंदे,

शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तुझ्या सासूबाई गेल्या तेव्हा मी आले नाही, फोनही चार वाक्यांत उरकला. त्या आठवड्यात ओजूची पावडर संपली होती आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. ही सबब नाही. बरं, सबबच आहे.

तब्येती: मी ठीक, मिलिंदचं बीपी गोळीवर, आईची साखर वरखाली. झालं.

तर पावडर. मागे फोनवर सांगत होते तेव्हा तू मध्येच म्हणालीस, "म्हणजे लकवाच की गं," आणि मी फोन आपटला. लकवा नव्हे, लकव्यासारखं. लकव्यात मेंदूची एक रक्तवाहिनी तुंबते आणि तिच्या हद्दीतला मेंदू मरतो. ओजूच्या एमआरआयमधला डाग कुठल्याच एका वाहिनीच्या हद्दीत बसेना, तेव्हा कुठे डॉक्टरांना शंका आली. तोवर सहा महिने आम्ही मायग्रेन, मायग्रेन म्हणत फिरत होतो. पोरानं शुद्धलेखनाच्या वहीत पानाची डावी बाजू कोरी सोडायला सुरुवात केली होती आणि मी त्याला आळशी म्हणत होते. त्याला ती बाजू दिसतच नव्हती गं.

तंतुकणिका आठवतात? पेशीचं ऊर्जाकेंद्र. तुझी आकृती बाईंनी बटाटा म्हणून खोडली होती, ती. त्यातच बिघाड. आणि रोगाचं नाव काय, तर इंग्रजी आद्याक्षरं जोडून, मेलास. हे फक्त तुलाच सांगता येईल: रिपोर्टवर ते वाचून मी डॉक्टरांसमोर फिस्सकन हसले. मिलिंद आता ते 'मेलॅऽस' असं ताणून म्हणतो. एकदा माझ्या तोंडून सरळ निघालं, तर आतल्या खोलीतून आई म्हणाली, "कोण मेलं?"

त्या दिवशी आईला बरोबर ऐकू आलं. एरवी आपण तिची किती नक्कल केली! तू दारात उभी राहून तीनदा "काकू, वैजू आहे का?" ओरडायचीस आणि ती म्हणायची, "नको गं, भाजी आजच घेतली." चाळिशीत बहिरेपण, लगेच मधुमेह, आणि अंगावर मांस म्हणून नाही. डॉक्टर घरातले आजार विचारत होते, त्यांना हे सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. तोच दोष. तंतुकणिकेच्या डीएनएत ३२४३ क्रमांकाच्या जागेवर एक अक्षर बदललेलं, ए च्या जागी जी. तंतुकणिका आईकडूनच येतात, म्हणून हाही आईकडूनच. सगळ्याच तंतुकणिका बिघडलेल्या नसतात, तांदळातल्या खड्यांसारखं आहे: आईच्या मुठीत थोडे, ते कानात आणि साखरेत लागले, माझ्या मुठीत त्याहून कमी, ओजूच्या वाट्याला नेमकी खड्यांचीच मूठ आली. माझ्या सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. मंजूला अजून सांगितलेलं नाही. तिचीही आई तीच, आणि तिच्या दोन पोरी. त्यावर वेगळं पत्र.

पावडर म्हणजे सिट्रुलिन, अमिनो आम्ल. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू बनवतं, त्यानं वाहिनी सैल होते, रुंदावते. बाबांच्या शर्टाच्या खिशातली सॉर्बिट्रेट आठवते, जिभेखालची? ती आत जाऊन हाच वायू देते. बाबा रोज हा वायू खिशात घेऊन ठाणे-व्हीटी करत होते आणि आपल्याला पत्ता नव्हता. १९९८ चं नोबेल ह्याच शोधाला आहे. ओजूच्या आजारात हा वायू कमी पडतो. मेंदू आधीच उपाशी, त्यात रक्त नेणाऱ्या नळ्या आखडलेल्या.

हा वायू बनतो आर्जिनिनपासून. मग सरळ आर्जिनिनच का देत नाही, असं मिलिंदनंही विचारलं. दिलं होतं. बोंबील भिजवलेल्या पाण्यासारखा वास. ओजू बेसिनशी उभा राहून रडायचा, वर जुलाब. शिवाय त्यातलं बरंचसं आतडी आणि यकृतच खाऊन टाकतात. सिट्रुलिन यकृताला चुकवतं, तीन हात नाक्याची कोंडी टाळून गल्लीबोळातून काढणाऱ्या रिक्षावाल्यासारखं, आणि मूत्रपिंडात पोचून तिथे त्याचं आर्जिनिन होतं. चव किंचित आंबट. ताकात खपते.

आणि नाव कशावरून, तर कलिंगडाच्या लॅटिन नावावरून. जपान्यांनी १९१४ मध्ये ते कलिंगडाच्या रसातून काढलं होतं. हे कळल्यावर मी उन्हाळाभर फ्रीज कलिंगडांनी भरला. डॉक्टर म्हणाले, "ताई, एवढा डोस कलिंगडातून द्यायचा तर पोराला दिवसभर तेच खाऊ घालावं लागेल." गोखले रोडवर जिमच्या डब्यांच्या दुकानात गेले, तर तो म्हणतो, "साहेब बॉडी बनवतायत का?" डोळ्यांसमोर मिलिंद आला. दंड फुगवणारे हीच पावडर खातात, पण मॅलेट नावाचा क्षार मिसळलेली. आम्हाला शुद्ध लागते, ती मागवावी लागते.

काम करते का? इथे माझं सगळं अडतं. २०१६ चा एक अमेरिकन अभ्यास आहे, पाच आजारी मुलं, पाच धडधाकट. पाच, नंदे. आपल्या वाड्याच्या क्रिकेट टीममध्ये जास्त होती. आजारी मुलांत वायू कमी बनत होता, दोन्ही अमिनो आम्लांनी तो वाढला, सिट्रुलिननं जास्त. वाहिन्या तपासायची एक पद्धतही आहे: दंडाला पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त अडवायचं, मग सोडायचं आणि बोटांच्या टोकांशी रक्त किती उसळून येतं ते मोजायचं. निरोगी नळी धडाक्यात उघडते, ह्या मुलांची आळसावलेली असते. पण मुलाचे झटके थांबतात का, डोकं वाचतं का, हे ठामपणे सांगणारं कोणी नाही. डॉक्टर सरळ म्हणतात, "शास्त्राला धरून आहे, त्रास कमी आहे, म्हणून देतो." देवाला नारळही मी ह्याच हिशेबानं देते.

तर पार्सल अडकलं. नऊ दिवस पावडर नाही. सहाव्या रात्री दोन वाजता ओजूचं डोकं ठणकायला लागलं, दोनदा उलटी. रिक्षानं हॉस्पिटल. कॅज्युअल्टीत नवा पोरगा ड्युटीवर, तो फिट येऊ नये म्हणून व्हॅल्प्रोएट लिहायला निघाला. ह्या आजारात ते चालत नाही. मी लॅमिनेट केलेलं कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं. तेरा वर्षं बँकेत काउंटरवर बसले ते फुकट नाही. माझा तो आवाज तुला माहीत आहे. बिचारा 'सॉरी मॅडम' म्हणाला.

सकाळी एमआरआय झाला. बाहेरच्या बाकावर बसून मी हिशेब मांडत होते: चार महिने पावडर, चार महिने झटका नाही; सहा दिवस पावडर नाही आणि हे. डॉक्टर आले, म्हणाले, "नवीन डाग नाही." आणि नंदे, एक क्षण, खरंच एकच क्षण, मी हिरमुसले. डाग निघाला असता तर पावडर काम करत होती हे ठरलं असतं. ताळा जुळला असता. आईनं असं वाटून घ्यावं? मिलिंद माझा हात धरून रडत होता आणि मी मनात खोडरबर शोधत होते.

मग कळलं, आदल्या संध्याकाळी बापलेकांनी तलावपाळीवर दोन-दोन प्लेट शेवपुरी हाणली होती. पावडर नाही म्हणून की शेवपुरी म्हणून की नुसतंच मायग्रेन, डॉक्टर म्हणाले, कळायला मार्ग नाही.

तू मला 'कारकुंडी' म्हणाली होतीस, स्कूटरच्या पेट्रोलच्या पैशांवरून. तेव्हा महिनाभर बोलले नव्हते. त्या बाकावर तो शब्द आठवला. अजून पटलेला नाही. ते चौऱ्याहत्तर रुपये तू देणं होतीसच.

परवा डबा आला. पुन्हा सकाळ-दुपार-रात्र ताकातून. वहीत खुणा करणं मात्र थांबवलंय. म्हणजे कमी केलंय.

सईला पुण्यात हॉस्टेल मिळालं का? तुझ्या गुडघ्याचं काय झालं? भाऊजींना बदली मिळाली की अजून कोल्हापूर-सांगली चालूच? सगळं नीट लिही, मी वाचेन, ह्या वेळी उत्तरही देईन.

जूनमध्ये ये. आंबे आणू नकोस, इथे मिळतात. आणि एक लक्षात ठेव, ओजूच्या डावीकडून एकदम जवळ जाऊ नकोस. त्याला तिकडून दिसत नाही, दचकतो. उजवीकडून ये आणि आधी हाक मार.

तुझी,
वैजू

ता. क. आईला सांगितलं नंदी येतेय. म्हणाली, "चांदी? आता कुठे परवडते?"