एबोशीची बाजू

कोथरूड, पुणे

प्रिय सौरभ,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "जगात एवढं काय काय चाललंय आणि तू अजून ॲनिमेतल्या, त्या जपानी चित्रपटांतल्या माणसांसाठी जीव टाकतेस." तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. तू ज्या गोष्टींबद्दल बोलत होतास, त्यांचा विचार करायला मला याच माणसांनी लावलं आहे.

मियाझाकींच्या 'प्रिन्सेस मोनोनोके' या सिनेमातली लेडी एबोशी घे. तुझा जीव सानवर, लांडग्यांत वाढलेल्या त्या पोरीवर, हे ठाऊक आहे मला. माझा एबोशीवर आहे. ती वाळूतून लोखंड काढते, भट्टीसाठी डोंगर बोडके करते, शेवटी वनदेवाचं डोकं उडवते. सगळं कबूल. पण तिच्या भट्टीचा भाता कोण चालवतं? कुंटणखान्यांतून तिनं सोडवून आणलेल्या बाया. बाई जवळ आली की लोखंड विटाळतं, असं मानणाऱ्या काळात! आणि तिच्या बागेपलीकडे अंगभर फडकी गुंडाळलेली कुष्ठरोगी माणसं बसून बंदुका घडवतात. त्यांच्यातला एक अंथरुणाला खिळलेला म्हातारा सिनेमाच्या नायकाला, अशिताकाला सांगतो, की आम्हाला माणूस समजणारी ही एकटीच. आमच्या जखमा हिनंच धुतल्या.

हा भाग चालू असताना आजी शेजारी शेंगा सोलत बसली होती. खालची अक्षरं मी तिला मराठीत सांगत होते. ती हात थांबवून म्हणाली, "हिनं यांना कामाला लावलंय होय!" आणि मग तिनं तिच्या थोरल्या बहिणीचं सांगितलं, जिचं नावही आमच्या घरात कधी निघालं नव्हतं. गोठ्याशेजारची खोली, वेगळी ताटली, लांबून वाढलेली भाकरी. "उपाशी नाही ठेवलं कुणी," आजी म्हणाली, "पण तिला कुणी काम सांगत नसे. साधं लसूण सोलायलासुद्धा नाही. तेच तिला लागायचं."

सौरभ, दया आणि मान यांतलं अंतर मला त्या दिवशी कळलं. एबोशी त्या माणसांना नुसतं सांभाळत नाही, तिला त्यांच्या हातांची गरज असते.

सिनेमाचे दिग्दर्शक मियाझाकी यांच्या घरापासून जवळच, टोकियोच्या पश्चिमेला, तामा झेन्शोएन नावाचं कुष्ठरुग्णांचं जुनं आरोग्यधाम आहे. सिनेमाचं काम अडलं होतं तेव्हा ते तिथे गेले, आणि ही माणसं टाळून चालणार नाही असं त्यांना वाटलं. रुग्णांना जन्मभर वेगळं ठेवणारा जपानचा कायदा 1996 मध्ये रद्द झाला. सिनेमा आला 1997 मध्ये. औषधानं रोग पूर्ण बरा होतो हे तोवर कितीतरी वर्षं माहीत होतं. आपलंही काही वेगळं नाही. जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागण्याची सोय आपल्या कायद्यातून 2019 मध्ये गेली. 2019! तोवर आपण दोघं मतदान करून आलो होतो.

म्हणजे एबोशी देवी आहे का? नाही ना, आणि म्हणूनच ती मला सुटत नाही. वेताळ टेकडीतून रस्ता काढायचा विषय निघाला तेव्हा मीही फलक घेऊन गेले होते. टेकडी राहिलीच पाहिजे, यात माझ्या मनात किंतु नाही. पण तिथेच एक काका बोलता बोलता म्हणाले, "रस्ता नकोच, आणि त्या उतारावरच्या झोपड्याही आधी हलवा." आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. मला पोटात तुटलं. त्या झोपड्यांतल्या बाया आपल्याच सोसायट्यांत धुणीभांडी करतात. झाडांवर माया आणि माणसांची अडगळ, हे मला जमत नाही. उद्या कुणी त्याच बायांना कामं देतो म्हणत टेकडी फोडायला आला, तर त्यालाही विरोध करायचाच आहे. पण त्या बायांनी तेव्हा त्याची बाजू घेतली, तर मी त्यांना कुठल्या तोंडानं चूक म्हणू?

अशिताका सानला खांद्यावर घेऊन एबोशीच्या गावाबाहेर पडतो तेव्हा त्याला गोळी घालणारी त्या गावातलीच एक बाई असते, आठवतं? तिचा नवरा लांडग्यांच्या हल्ल्यात गेलेला असतो. मियाझाकी तिलाही वाईट ठरवत नाहीत. एबोशीचा हात जातो, गाव उद्ध्वस्त होतं, पण तिला ते मारत नाहीत. नव्यानं चांगलं गाव वसवू, असं ती म्हणते. ते गाव कसं असेल, जंगल किती मागे सरकेल, कुष्ठरोग्यांना तिथे कुठलं काम असेल, यावर मी किती रात्री विचार केलाय तुला सांगू!

दिवाळीत आलास की आजीला भेट. बहिणीबद्दल ती आता मोकळेपणानं बोलते, आणि ते सगळं लिहून ठेवायचं माझ्या मनात आहे. तुझं अक्षर चांगलं, तू बस माझ्याबरोबर. आणि सानची बाजू घेऊन भांडायचं असेल तर त्याआधी पत्रातच भांड, सविस्तर.

तुझी,
केतकी