मोबाइलचा मॉनिटर करा, पण कॅमेऱ्यातले कार्ड काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरातील लग्नांत, तालीम मंडळांच्या कार्यक्रमांत आणि पेठांच्या फुटबॉल सामन्यांत हल्ली कॅमेऱ्याच्या डोक्यावर क्लॅम्पने धरलेला मोबाइल सर्रास दिसतो. कॅमेऱ्याच्या एचडीएमआय सॉकेटमधून (चित्र आणि आवाज बाहेर देणाऱ्या) निघालेली केबल बोटभर लांबीच्या कॅप्चर कार्डात जाते, ते चित्र फोनला समजेल असे करून देते; हे कार्ड ओटीजीने (फोनला यूएसबीचे उपकरण लावण्याच्या जोडाने) फोनला जोडले जाते आणि फोनचा पडदा कॅमेऱ्याचा मॉनिटर होतो. ॲपमधले लाल बटण दाबले की तोच फोन रेकॉर्डरही होतो. मी या शहरात बरीच वर्षे शूटिंगची कामे करतो आणि ही सोय स्वतः वापरतो. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतःचा कॅमेरा घडवला, त्या गावातल्या माणसाने असल्या जुळवाजुळवीला नाक मुरडू नये, असेच माझे मत आहे. माझी तक्रार आहे ती ही कार्डे विकण्याच्या पद्धतीविषयी, आणि थोडी माझ्यासारख्यांच्या भाबडेपणाविषयी.

मी घेतलेल्या पहिल्या कार्डाच्या खोक्यावर ‘४के’ असे ठसठशीत छापले होते. मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत मात्र ४के हे अधिक बारकाव्याचे चित्र फक्त आत येणार आणि फोनकडे त्याहून कमी बारकाव्याचे १०८० च जाणार, असा खुलासा होता. प्लगमधले प्लास्टिक निळे असल्याने दुकानदाराने ते वेगवान यूएसबी ३.० म्हणून दिले; घरी बॅटरीच्या उजेडात पाहिले तर आत धातूच्या चारच पट्ट्या होत्या, म्हणजे ते संथ २.० होते. ३.० च्या तशा प्लगमध्ये नऊ पट्ट्या असतात. हा फरक नुसता कागदोपत्री नाही. १०८० चे चित्र सेकंदाला ३० फ्रेमने न दाबता (म्हणजे कॉम्प्रेस न करता) पाठवायचे तर सुमारे १,००० मेगाबिट लागतात आणि यूएसबी २.० ची कमाल मर्यादाच ४८० आहे. त्यामुळे कार्ड प्रत्येक फ्रेम दाबून पाठवते, आणि शालूच्या जरीत किंवा कुस्तीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीत चौकोन दिसू लागतात. फोकस आणि फ्रेम पाहण्यापुरते हे चालते, गिऱ्हाइकाला देण्याच्या फितीसाठी चालत नाही. (‘फीत’ हा शब्द आमच्या तोंडून अजून जात नाही.)

दुसरी गोष्ट विलंबाची. कुस्तीच्या मैदानात कॅमेरा उंच स्टँडवर चढवून खाली फोनवर पाहू लागलो, तेव्हा हलगीवर टिपरू पडल्याचा आवाज आधी कानावर यायचा आणि पडद्यावरचा हात मागाहून खाली यायचा. स्थिर फ्रेमला याने काही बिघडत नाही, परंतु पैलवानामागे कॅमेरा फिरवायचा असेल तर नजर कॅमेऱ्याच्याच पडद्यावर हवी. आवाजही फोनच्या माइकवर न घेता एचडीएमआयमधूनच घ्यावा, नाहीतर ओठ आणि शब्द यांची फारकत होते.

रेकॉर्डर म्हणून फोनचा मोह पडतो त्याला कारण आहे. युरोपातील व्हिडिओ कॅमेऱ्यांवरील जकात टाळण्यासाठी अनेक स्टिल कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबतील असे बनवले गेले, आणि त्याचा जाच आपल्याकडच्या कीर्तनांना व लग्नविधींनाही झाला. फोनवरचे रेकॉर्डिंग मात्र साठवायला जागा असेपर्यंत थांबत नाही. याच भरवशावर मी एका लग्नात कॅमेऱ्यातले रेकॉर्डिंग सुरूच केले नाही. शेवटचे मंगलाष्टक चालू असताना फोन वाजला, ॲप मागे गेले आणि रेकॉर्डिंग तुटले. फोन वरपक्षाच्याच एका पाहुण्याचा होता. गाडी कुठे लावायची, एवढेच त्यांना विचारायचे होते. अक्षता पडल्याचे दृश्य माझ्याकडे नाही, आणि त्या कुटुंबाला मी काय तोंड दाखवले ते माझे मलाच ठाऊक.

तेव्हापासून कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावर रेकॉर्डिंग चालूच असते आणि फोन फ्लाइट मोडवर ठेवून दुसरी प्रत घेतो. कॅमेरा थांबून पुन्हा सुरू होईपर्यंतचे काही क्षण ती प्रत भरून काढते. बहुतेक कॅमेऱ्यांत दोन्ही एकदम चालते. मेनूतील एचडीएमआयवरची माहिती बंद करावी लागते, अन्यथा बॅटरीची खूण आणि फोकसची चौकट नवरीच्या कपाळावर कायमची उमटते. कॅप्चर कार्ड फोनचीच वीज खात असल्याने उन्हाळ्यात फोन तापतो, तेव्हा चार्जिंग चालू ठेवणारा हब जवळ असू द्यावा. मायक्रो एचडीएमआयचे सॉकेट फार नाजूक असते, म्हणून केबल स्टँडला रबराने बांधून ठेवणे बरे.

विक्रेत्यांना विनंती एवढीच, की कार्ड यूएसबी २.० आहे की ३.०, आणि सेकंदाला किती फ्रेम बाहेर देते, हे मराठीत लिहून काउंटरवर लावावे. ही कार्डे अँड्रॉइडवर बहुधा चालतात, यूएसबी-सीच्या आयपॅडवर २०२३ च्या आयपॅडओएस १७ पासून चालतात, पण आयफोनवर चालत नाहीत, हेही पैसे घेण्याआधी सांगावे. गिऱ्हाइकानेही आपला कॅमेरा, आपली केबल आणि आपलाच फोन दुकानात न्यावा, पंधरा मिनिटे रेकॉर्डिंग करून ते तिथेच पाहावे आणि मग खिशात हात घालावा.

आपला नम्र,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर