डिंकाचे लाडू आणि सिंगापूरचे कस्टम

महोदय,

दिवाळीचा फराळ परदेशी पाठवण्यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. डबे कसे भरावेत, चकल्या मोडू नयेत म्हणून काय करावे, सगळे आले. पण समोरच्या देशात काय चालते यावर अवाक्षर नाही.

गेल्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे सिंगापूरला निघालो. तिकिटे काढून देणारा म्हणाला, "घरचं खाणं बिनधास्त न्या." (वर तिथल्या आगमन कार्डाचे माणशी ५०० रुपये घेतले. हे कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत आपले आपण ऑनलाइन भरायचे असते, तेही फुकट.) आदल्या रात्री मुलीचा फोन: "आई, कशात खसखस नाही ना घातलीस?" डिंकाच्या लाडवांत पाव किलो भाजून घातलेली! पुडी असती तर काढून ठेवली असती, लाडवांतून कशी वेचणार? रात्री अकराला टेप कापून तीन किलोंचा डबा बाहेर काढला. ते लाडू शेजारच्या कॉलेजकुमाराने संपवले. बाळंतिणीची खातिरदारी त्याची झाली.

सिंगापुरात खसखस अमली पदार्थ खात्याच्या परवानगीशिवाय नेता येत नाही. जाऊबाईंनी नाक मुरडले, "खसखस म्हणजे काय अफू?" अहो, अफूच्याच बोंडातले बी ते! मॉर्फिनचा अंश त्याला लागलेला असू शकतो. आपल्याकडेसुद्धा परदेशातून खसखस मागवणाऱ्या व्यापाऱ्याला ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोकडे सौदा नोंदवावा लागतो. तेव्हा त्या देशाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. राग आहे तो पैसे घेऊन न सांगणाऱ्यांचा.

आणि थोडा माझाही. तीस वर्षे पोस्टाच्या काउंटरवर बसून, परदेशी पार्सलावर नुसते 'खाऊ' लिहिणाऱ्यांना मी फॉर्म परत करत असे: आत काय काय आहे ते लिहा!

यजमानांची तंबाखूची पुडी मुंबई विमानतळावरच कचऱ्यात गेली. चघळायच्या तंबाखूला तिथे बंदी, आणि सिगारेट एकही करमाफ नाही. च्युइंगगमची बंदी १९९२ची, ती बहुतेकांना ठाऊक असते; त्यावर विनोदही होतात. खसखशीवर कोणी करत नाही.

नातीसाठी सोन्याच्या नव्या मनगट्या होत्या. दोन दिवसांहून जास्त बाहेर राहून येणाऱ्या पाहुण्याला ५०० सिंगापूर डॉलरपर्यंतच्या नव्या वस्तू माफ, त्यावरच्या किमतीवर ९ टक्के कर. यजमान कस्टमच्या हिरव्या मार्गाकडे (काही दाखवायचे नसलेल्यांच्या) वळले होते, मी त्यांना बाही धरून सामान जाहीर करायच्या लाल मार्गाकडे नेले. सराफाचे बिल दाखवले, कर भरला. दहा मिनिटांचे काम. लाडू मग मुलीच्या स्वयंपाकघरात केले, खारीक जास्त घालून.

पुढच्या वेळी फराळाच्या लेखाशेजारी निदान सिंगापूर, दुबईपुरती तरी चौकट छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त पोस्ट कर्मचारी, सातारा