साहेब, गोळी तालुक्याला मिळू द्या

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना

साहेब, नमस्कार. माझं मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाला मोटर वायंडिंगचं दुकान आहे. जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिलं की तिथल्या एखाद्या कंपाउंडरला नोटीस जाईल आणि विषय तिथंच मिटेल, म्हणून आठ जिल्ह्यांतला कुठलाही समजा.

माझा धाकटा भाऊ 29 वर्षांचा आहे, त्याला स्किझोफ्रेनिया आहे. हा शब्द आमच्या घरात यायला चार वर्षं गेली, तोवर नुसतं "बाहेरचं" होतं. आयटीआय करत होता पोरगा, रात्र रात्र झोपायचा नाही, मोबाईलच्या टॉवरवरून लोक माझं बोलणं ऐकायलेत म्हणायचा. मायनं काय काय नाही केलं, देवऋषी झाला, दर्गा झाला, गळ्यात तीन-तीन दोरे झाले, अमावस्येला कोंबडं झालं. मीपण गेलो सोबत, खोटं कशाला बोलू. शेवटी एका पाव्हण्यानं सांगितलं की सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर बसतात, तिथं दाखवा.

आणि साहेब, गोळ्यांनी फरक पडला. तीन महिन्यांत पोरगं माझ्या दुकानात येऊन बसायला लागलं. मोटरच्या कॉइलला तांब्याच्या तारेचे वेढे मोजून टाकावे लागतात, चुकले तर मोटर जळते आणि शेतकरी दुकानात येऊन आमची आई-बहीण काढतो. हा पठ्ठ्या न चुकता मोजतो, मोजताना कुणी हाक मारली तर उत्तरसुद्धा देत नाही. फक्त गोळी तीन-चार दिवस चुकली की मधेच थांबतो, तार हातात तशीच, आणि म्हणतो दादा किती झाले. मला लगेच कळतं.

आता ती गोळी कशी मिळते ते सांगतो. सकाळची पहिली एसटी, जिल्ह्याच्या दवाखान्याला. मायचं अर्धं तिकीट (ते तुमच्या सरकारचं चांगलं काम, मान्य), आमची दोघांची फुल. मग केसपेपरची लाईन, मग डॉक्टरच्या दाराशी बाकडं, बाकड्यावर जागा नसती म्हणून भिंतीला टेकून उभं राहायचं. डॉक्टरला मी एका शब्दानं बोलणार नाही, एक माणूस आणि बाहेर सत्तर-ऐंशी पेशंट, तो तरी कुणाकुणाचं ऐकंल. मग औषधाच्या खिडकीवर गेलं की दहा दिवसांच्या गोळ्या, त्यातपण एक आहे आणि दुसरी "शॉर्ट आहे, बाहेरून घ्या". डॉक्टरनं कागदावर महिन्याचं लिहिलेलं असतं, खिडकी दहाचंच देती. दुकान बंद ठेवून, गाडीभाडं, चहापाणी, बाहेरचं मेडिकल धरून पाच-सहाशे रुपये जातात. दहा दिवसांनी पुन्हा तेच. ज्याच्याकडं दुकान नाही, जो दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातो, त्यानं हे कसं करायचं? तो करतच नाही. गोळी बंद होती, पुन्हा टॉवरवरचे लोक बोलायला लागतात, आणि गाव म्हणतं बघा, आम्ही म्हणलं नव्हतं का बाहेरचंच आहे.

मी काय शिकलेला नाही पण भाच्याकडून कायदा वाचून घेतला. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 18. त्यात लिहिलंय की पेशंटला उपचारासाठी लांबचा प्रवास करायला लागू नये. आणि त्याच कलमात, सरकारच्या अत्यावश्यक यादीतली मानसिक आजाराची औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत, सदा सर्वकाळ, फुकट. सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणजे आपलं ग्रामीण रुग्णालयच ना साहेब? ते माझ्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर आहे. मी तिथं जाऊन विचारलं. खिडकीवरचा माणूस चांगला आहे, गाववालाच आहे, हसून म्हणला, अरे त्या डोक्याच्या गोळ्या इथं कुठं, त्या जिल्ह्याला. कायदा लागू होऊन 2018 पासून इतकी वर्षं झाली आणि खिडकीवरच्या माणसाला हे माहीतच नाही, त्यात त्याचा काय दोष, त्याला कुणी सांगितलंच नसंल.

बरं हे काही नवीन आहे असंही नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 चा, म्हणजे माझ्यापेक्षा म्हातारा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 चा. त्याची मूळ कल्पनाच अशी की कर्नाटकात बेल्लारीला करून बघितलं तसं, साध्या पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरला ट्रेनिंग द्यायचं आणि गोळ्या तिथंच द्यायच्या, मोठ्या डॉक्टरनं अधूनमधून बघायचं. नोव्हेंबर 2022 ला केंद्रानं राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण काढलं, त्यात 2030 पर्यंत आत्महत्येचं प्रमाण 10 टक्क्यांनी कमी करायचं आणि पाच वर्षांत प्रत्येक जिल्ह्यात मानसोपचाराची ओपीडी पाहिजे असं ठरलं. म्हणजे 2027. जिल्ह्यात ओपीडी आमच्याकडं आहे साहेब, त्या यादीत आमच्या नावापुढं टिक लागली असंल. पण टिक जिल्ह्याच्या दवाखान्याला लागती, पेशंट राहतो 60 किलोमीटरवर.

राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही. जालन्याला करायचं ठरलंय असं पेपरात वाचलं, व्हावंच. पण माझ्या भावाला खाट नको, गोळी पाहिजे.

आणखी एक सांगायचंय, प्रेरणा प्रकल्पाचं. 2015 ला शेतकरी आत्महत्येच्या 14 जिल्ह्यांसाठी काढला, त्यात आपले मराठवाड्याचे आठही. आशाताई घरोघर जाऊन विचारणार की झोप लागती का, जगावं वाटतंय का. कल्पना चांगली आहे. पण आमच्या बापाला हे ओसरीवर विचारलं, चार माणसं बसलेली, शेजारी सून उभी. बाप म्हणला, सोयाबीनला भाव द्या, मग बघा कशी झोप लागती. सगळे हसले, ताईनं रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिलं आणि पुढच्या घरी गेल्या, त्यांनातरी किती कामं लावलीत. 2025 च्या सप्टेंबरात पाणी आलं तेव्हा आमच्या खालच्या शिवारातली माती खरडून गेली, त्यानंतर बाप महिनाभर कुणाशी बोललाच नाही. त्या महिन्यात विचारायला कुणी आलं नाही. पंचनाम्याला तलाठी आला होता, त्याच्या कागदात माणसाचा रकाना नव्हता. म्हणून म्हणतो, पंचनाम्याच्या आठ-पंधरा दिवसांनी आशाताईला त्याच घरी पाठवा, एकट्याला बाजूला घेऊन विचारू द्या, आणि त्या फेरीचे पैसे तिला वेगळे द्या.

14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर मात्र मी दुकानात बोर्डावर खडूनं लिहून ठेवलाय. कॉल फुकट आहे, मराठीत बोलतात. मोटर न्यायला आलेला एखादा माणूस गुपचूप मोबाईलमध्ये फोटो काढून नेतो, मी बघितलं न बघितल्यासारखं करतो. पण फोनमधून गोळी येत नाही.

मागणं मोठं नाही. मानसोपचाराचे डॉक्टर कमी आहेत हे समजतं, प्रत्येक तालुक्याला एक द्या असं म्हणतच नाही. जिल्ह्याच्या डॉक्टरनं एकदा औषध लावून दिलं की ते पुढं आमच्या ग्रामीण रुग्णालयातून मिळावं, एकदम महिन्याचं, तिथल्या मेडिकल ऑफिसरनं वजन-बीपी बघून द्यावं, सहा महिन्यांनी जिल्ह्याला दाखवू आम्ही. ज्यांना महिन्याचं इंजेक्शन चालतं त्यांना तिथल्या सिस्टरनं द्यावं. आणि बीपी-शुगरच्या गोळ्यांची मागणी जशी वर जाती तशी ह्याची जाऊ द्या. बीपीची गोळी तालुक्याला मिळती आणि ही नाही, ह्याला कारण काय हे मला कुणीच सांगू शकलं नाही.

कलम 18 ची एक छापील प्रत प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या औषधाच्या खिडकीवर चिकटवा. त्याला निधीबिधी लागत नाही, डिंक लागतो.

आज घरातल्या डब्यात सोळा गोळ्या आहेत, रोज दोन लागतात. पुढची तारीख अठरा दिवसांनंतरची दिलीय.

आपला,
एका पेशंटचा मोठा भाऊ