आयएस-आयएस समजावून सांगणाऱ्या ताईंना, मनापासून थँक्यू

ताई, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अरे त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, आता पूर्ण वाचावंच लागेल. ज्युनिपर या नेटवर्किंग कंपनीची जेएनसीआयएस-एसपी ही सर्टिफिकेशन परीक्षा पास झालो.

राउटर एकमेकांना रस्ते सांगतात त्या प्रोटोकॉलपैकी ओएसपीएफ, बीजीपीचं माझं बरं चाललं होतं, त्यावर ढीगभर व्हिडिओ आहेत, क्लासवालेही तेच घोळून घोळून शिकवतात, पण त्यातलंच आयएस-आयएस आलं की जो तो दोन स्लाइडमध्ये गुंडाळून मोकळा होतो. आणि नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या कंपनीचं नेटवर्क बघणाऱ्या माणसाला हा प्रोटोकॉल रोजच्या कामात दिसणार तरी कुठे, तो राहतो मोठमोठ्या आयएसपींच्या (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या) बॅकबोनमध्ये, म्हणजे मुख्य जाळ्यात, आणि तुमची एवढी वर्षं तिथेच गेलेली. तरी इंदिरानगरला तुमच्या घरी पहिल्यांदा आलो तेव्हा वाटलं होतं की तुम्ही कॉन्फिगरेशन लिहून द्याल आणि म्हणाल कर पाठ.

तुम्ही एकही कमांड दाखवली नाही. लॅबमधले दोन राउटर चालू केले, मधल्या लिंकवर वायरशार्क, म्हणजे जाणारी पॅकेटं उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावलं, राउटर शेजाऱ्याला "मी आहे" सांगायला टाकतो ते एक हॅलो पॅकेट उघडलं आणि म्हणालात, "यात आयपी हेडर शोधून दाखव." मी वरखाली बघतोय, सोर्स मॅक आहे, डेस्टिनेशनला ०१:८०:सी२:००:००:१४, त्याच्या पुढच्या पॅकेटला शेवटी १५, म्हणजे एक लेव्हल १ चं (एरियाच्या, म्हणजे नेटवर्कच्या एका भागाच्या, आतलं) आणि एक लेव्हल २ चं (एरियांना जोडणारं), मग एलएलसी हेडरचे ते एफई एफई, आणि लगेच आयएस-आयएस सुरू. आयपी हेडर नाहीच! ओएसपीएफ आयपीच्या आत ८९ नंबर घेऊन बसतो आणि हा थेट लेयर २ वर, आयपीच्या खालच्या थरावर, धावतो, हे वाक्य मी आधी वाचलेलं होतं, पण समजलं ते त्या स्क्रीनवर.

मग तुम्ही जे सांगितलं त्यानं बाकी सगळं सुटत गेलं. हा प्रोटोकॉल आयपीसाठी जन्मालाच आला नव्हता. डेक कंपनीनं तो आपल्या डेकनेट फेज ५ या नेटवर्कसाठी बनवला, आयएसओनं १०५८९ म्हणून स्टँडर्ड केला, आणि आयपी त्यात नंतर जोडलं गेलं, १९९० च्या आरएफसी ११९५ मध्ये. एवढं डोक्यात बसलं की तो विचित्र दिसणारा नेट ॲड्रेस, म्हणजे आयएस-आयएसमधली राउटरची ओळख, विचित्र वाटत नाही, तो त्या जुन्या घरचा पत्ता आहे. ४९.०००१.१९२१.६८००.१००१.०० हे तुम्ही वहीत मोठ्या अक्षरात लिहिलंत आणि उजवीकडून वाचायला लावलंत, शेवटचे ०० म्हणजे हा राउटर स्वतः, त्याआधीचे ६ बाइट सिस्टिम आयडी, उरलेलं सगळं एरिया. आणि १९२.१६८.१.१ च्या लूपबॅकमध्ये (राउटरच्या स्वतःच्या कायमच्या आयपी ॲड्रेसमध्ये) शून्यं भरून, ठिपके सरकवून तो आयडी कसा तयार होतो तेही तिथेच, पेन्सिलनं. ते पान माझ्याकडेच आहे आणि परत मिळणार नाही.

टीएलव्हीचं तर मला फारच आवडलं. माहितीची प्रत्येक गोष्ट टाइप, लांबी आणि व्हॅल्यू अशी येते, राउटरला टाइप ओळखीचा नसेल तर तो तेवढा भाग सोडून पुढे जातो, त्यामुळे नवीन काही आणायचं तर नवीन टीएलव्ही काढला की झालं. आयपीव्ही६ साठी ओएसपीएफला व्हर्जन ३ नव्यानं लिहावं लागलं, इथे २३२ आणि २३६ हे टीएलव्ही आले आणि काम भागलं. जुना प्रोटोकॉल अजून का टिकून आहे याचं एवढं सरळ उत्तर मला कुठल्याच क्लासमध्ये मिळालं नाही.

पण सगळ्यात जास्त आभार ॲटॅच्ड बिटसाठी. लेव्हल १ च्या राउटरला बाहेरच्या एरियांची काहीच माहिती नसते, दोन्ही लेव्हलमध्ये असलेला एल१/एल२ राउटर एलएसपीमध्ये, म्हणजे आपली माहिती पसरवणाऱ्या पॅकेटमध्ये, तो बिट लावतो आणि आतले राउटर जवळच्या अशा राउटरकडे डिफॉल्ट रूट टाकतात. यात अडचण काय, असं मी विचारल्यावर तुम्ही म्हणालात, सातपूरच्या माणसाला पुण्याला जायचंय आणि त्याला एवढंच सांगितलं की गावाबाहेर जाणारा जवळचा रस्ता धर, तर तो त्र्यंबक रोडनं निघेल की नाही? बस, सबऑप्टिमल रूटिंग समजलं. आणि रूट लीकिंग म्हणजे त्याला घरातच सांगून ठेवायचं की पुणं नाशिकरोड-सिन्नरनं. लूप होऊ नये म्हणून त्या रूटवर डाउन बिटची खूण लागते आणि तो परत वर लेव्हल २ मध्ये चढत नाही, हे पण तुम्ही लॅबमध्ये पॉलिसी लावून दाखवलंत, नुसतं बोलला नाहीत.

एका सामायिक लिंकवरच्या राउटरांमधून निवडलेल्या प्रमुखाला, म्हणजे डीआयएसला, बॅकअप का नसतो हे तुम्ही मला सांगितलंच नाही, विचार कर म्हणालात, तेव्हा जरा राग आला होता खरं तर. पण दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये उत्तर आलं, इथे सगळे राउटर सगळ्यांशी ॲडजसन्सी, म्हणजे शेजाराचं नातं, करतात, डीआयएस गेला तर बाकीच्यांचं नातं तुटत नाही, नवीन निवडला की झालं, शिवाय तो स्वतः ३ सेकंदाला हॅलो टाकतो म्हणजे गेलेला पटकन कळतो. पाठ केलं असतं तर विसरलो असतो.

ड्यूटीवरून दमून आल्यावर रविवारची झोप सोडून तुम्ही हे केलंत, फीचं नाव काढू दिलं नाहीत, वर काकूंच्या हातचे पोहे. आमच्या टीममधली दोन पोरं आता याच परीक्षेला बसतायत, त्यांना मी तसंच वायरशार्कपासून सुरू करून दिलंय, आधी आयपी हेडर शोधा म्हणून. आणि मला आता सेगमेंट राउटिंग, म्हणजे पॅकेटचा रस्ता आधीच ठरवून देणं, बघायचंय, तेही आयएस-आयएसच्या सब-टीएलव्हीमधूनच जातं म्हणतात, तर तुमची नाइट शिफ्ट संपली की सांगा, लॅब मी आधीच उभी करून आणतो.

तुमचा,
अंबडचा विद्यार्थी